अंडाशयाचा कर्करोग आणि प्रतिकारशक्ती-उपचार : संशोधनाची वाटचाल व वऱ्हाडातील रुग्णांचा संदर्भ

सारांश : शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा अंडाशयातील कर्करोगपेशींना ओळखते, तथापि उदरपोकळीतच ती निष्प्रभ केली जाते. त्यामुळे इतर कर्करोगांत यशस्वी ठरलेली इम्युनोथेरपी, म्हणजेच प्रतिकारशक्ती-उपचार, येथे मर्यादित ठरली आहे. प्रस्तुत लेखात या मर्यादेची कारणे, महाराष्ट्रातील संशोधन व वऱ्हाडातील रुग्णांच्या दृष्टीने त्याचा अर्थ यांचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : अंडाशयाचा कर्करोग, टी पेशी, जलोदर, इम्युनोथेरपी, वऱ्हाड

प्रस्तावना

भारतीय स्त्रियांमध्ये स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांखालोखाल अंडाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण आढळते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात एका वर्षात या रोगाचे सुमारे ४७ हजार नवे रुग्ण आढळले व सुमारे ३३ हजार स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. पोट फुगणे, थोडे खाताच पोट भरणे, ओटीपोटात दुखणे, वारंवार लघवीस होणे ही त्याची लक्षणे अपचनाची वाटतात आणि रोगाचे निदान बहुधा तो पोटात पसरल्यावरच होते.

अमरावती-अकोल्याकडील रुग्ण उपचारासाठी नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालयात जातात, किंवा रात्रभराचा रेल्वेप्रवास करून मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय गाठतात. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेल्या गाडगेबाबांच्या नावाची दादर येथील धर्मशाळा अशा रुग्णांना व त्यांच्या नातेवाइकांना निवारा देते. ‘इम्युनोथेरपी’ हा महागडा शब्द आता या कुटुंबांच्याही कानी पडू लागला आहे. शेत विकावे किंवा गहाण ठेवावे का, असा प्रश्न त्यामागोमाग उभा राहतो. म्हणून या उपचाराचे स्वरूप व त्याच्या मर्यादा समजून घेणे आवश्यक ठरते.

प्रतिकारशक्ती व अर्बुद यांचा संबंध

हा रोग प्रतिकारशक्तीला दिसतच नाही, असे नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील जॉर्ज कुकोस व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली प्रगत अवस्थेतील १८६ रुग्णांच्या अर्बुदांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्याहून अधिक अर्बुदांत टी पेशी शिरलेल्या आढळल्या. अशा रुग्णांपैकी ३८ टक्के पाच वर्षांनंतर हयात होत्या. टी पेशी नसलेल्या गटात हे प्रमाण केवळ ४.५ टक्के होते. याचा अर्थ, शरीराने दिलेला लढा आयुर्मानाशी निगडित आहे.

मग हा लढा हरतो कोठे? २००४ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका संशोधनाने त्याचे एक उत्तर दिले. अर्बुद व त्याभोवतीच्या पेशी विशिष्ट रासायनिक संदेश सोडून नियामक टी पेशींना बोलावून घेतात. प्रतिकारशक्ती अनावर होऊ नये म्हणून तिला आवर घालणे हे या पेशींचे नैसर्गिक कार्य होय. येथे मात्र त्या मारक टी पेशींनाच रोखून धरतात. पोटात साठणारे पाणी, म्हणजेच जलोदर, अशा दमनकारी पेशींनी व द्रव्यांनी भरलेले असते.

संशोधनातील प्रयत्न

टी पेशींवर असलेला पीडी-१ नावाचा ‘लगाम’ सोडवणाऱ्या औषधांनी त्वचा व फुप्फुसांच्या कर्करोगात मोठे यश मिळवले. या मार्गाच्या मूलभूत शोधासाठी जेम्स ॲलिसन व तासुकु होन्जो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अंडाशयाच्या कर्करोगात मात्र पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध एकटे दिले असता ३७६ रुग्णांपैकी केवळ सुमारे ८ टक्के रुग्णांची अर्बुदे लक्षणीयरीत्या आटली, असे २०१९ साली स्पष्ट झाले. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या चाचणीत हेच औषध रसायनोपचारासोबत दिल्यावर, प्लॅटिनमयुक्त औषधांना न जुमानणाऱ्या रोगात व पीडी-एल१ चाचणी सकारात्मक असलेल्या रुग्णांत, मध्यक आयुर्मान १४ महिन्यांवरून सुमारे १८ महिन्यांवर गेले. हा लाभ खरा आहे; तथापि तो रोगमुक्ती नव्हे.

दुसरा मार्ग म्हणजे रुग्णाच्या टी पेशी प्रयोगशाळेत बदलून पुन्हा शरीरात सोडणे, म्हणजेच कार-टी उपचार. मुंबईच्या आयआयटीत राहुल पुरवार यांच्या गटाने टाटा स्मारक केंद्राच्या सहकार्याने विकसित केलेल्या अशा पहिल्या भारतीय उपचारास २०२३ साली मान्यता मिळाली. मात्र तो रक्ताच्या काही कर्करोगांसाठी आहे. रक्तातील लक्ष्य बी पेशींवर एकसारखे असते व त्या पेशी गमावूनही रुग्ण जगू शकतो. अंडाशयाच्या अर्बुदात पेशीपेशींत भिन्नता असते आणि सोडलेल्या टी पेशी फार काळ टिकत नाहीत. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील प्रयोगात १४ पैकी एकाही रुग्णाचे अर्बुद आटले नाही.

या भिन्नतेचा एक पैलू पुण्यातही उलगडला. राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातील शर्मिला बापट व सहकाऱ्यांनी २००५ साली एका रुग्णाच्या जलोदरातून मूलपेशींसारख्या, नव्याने अर्बुद निर्माण करू शकणाऱ्या पेशी वेगळ्या केल्या. उपचारानंतर रोग का परततो, हे समजण्यास अशा संशोधनाने दिशा मिळाली.

किंमत व मात्रेचा प्रश्न

डोके व मानेच्या प्रगत कर्करोगात टाटा स्मारक रुग्णालयाने निवोलुमॅब नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शापेक्षाही कमी, म्हणजे २० मिलिग्रॅम, देऊन पाहिले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एक वर्ष जगणाऱ्यांचे प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेले. हा निष्कर्ष अंडाशयाच्या कर्करोगास जसाच्या तसा लावता येणार नाही. परंतु आपल्या रुग्णांना परवडणारी मात्रा आपणच शोधावी लागते, हा त्याचा धडा महत्त्वाचा आहे.

निष्कर्ष

अंडाशयाच्या कर्करोगात शस्त्रक्रिया व रसायनोपचार हेच आजही उपचाराचे मुख्य आधार आहेत. प्रतिकारशक्ती-उपचार हा काही निवडक रुग्णांसाठी पूरक आहे. त्यामुळे मालमत्ता विकण्यापूर्वी अर्बुदाची कोणती चाचणी झाली, लाभ किती महिन्यांचा अपेक्षित आहे आणि शासकीय योजना वा नोंदणीकृत चाचणीतून उपचार मिळू शकतो काय, हे तीन प्रश्न डॉक्टरांना विचारणे हा कुटुंबाचा हक्क होय. सरसकट तपासणीने या रोगाचे मृत्यू घटत नाहीत, हे ब्रिटनमधील दोन लाखांहून अधिक स्त्रियांच्या चाचणीने २०२१ साली दाखवले. म्हणून टिकून राहणाऱ्या लक्षणांची वेळीच दखल घेणे व घराण्यात स्तन किंवा अंडाशयाचा कर्करोग असल्यास जनुकीय सल्ला घेणे हेच हाती असलेले उपाय ठरतात. ही माहिती विद्यार्थिनींमार्फत त्यांच्या आई-आजींपर्यंत पोहोचवणे वऱ्हाडातील महाविद्यालयांना सहज शक्य आहे.