प्राध्यापकांची उन्हाळी सुटी

"प्राध्यापकांचे बरे असते, दीड महिना पगारी सुटी!" हे वाक्य कानी पडल्याशिवाय एकही मे महिना जात नाही. त्यावर रागावण्यात अर्थ नाही. सुटीतले पंधरा-वीस दिवस उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांत जातात हे खरे. पण उरलेल्या दिवसांत शिक्षक करतो तरी काय, हा प्रश्न विद्यार्थ्यांना पडणे स्वाभाविक आहे.

सर्वपरिचित मार्ग म्हणजे उजळणी वर्ग. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने यासाठी विद्यापीठांत 'ॲकॅडमिक स्टाफ कॉलेजे' काढली. पुढे त्यांची मनुष्यबळ विकास केंद्रे झाली आणि २०२३ पासून त्यांना मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रे म्हणतात. एकाच विषयाचे गावोगावचे शिक्षक तेथे एकत्र येतात, व्याख्याने ऐकतात, वाद घालतात. पदोन्नतीसाठी हे वर्ग लागतात, म्हणून काही जण केवळ प्रमाणपत्रासाठी जातात, हेही कबूल केले पाहिजे.

दुसरा मार्ग आपल्या उणिवेतून सापडतो. मला तो एका विद्यार्थ्यामुळे सापडला.

काही वर्षांपूर्वी द्वितीय वर्षाचा एक विद्यार्थी घरातला जुना मोडी कागद घेऊन आला. "सर, यात काय लिहिलंय?" मराठ्यांचा इतिहास मी वर्षानुवर्षे शिकवीत होतो, परंतु मोडीचे एक अक्षर मला वाचता येत नव्हते. ते सांगण्याचे धैर्य झाले नाही. "इनामाची सनद असावी," असे मी ठोकून दिले. तो आनंदाने घरी गेला. मला मात्र रात्री झोप लागली नाही.

त्या सुटीत मी मोडी शिकण्याचे ठरविले. वि. का. राजवाडे यांच्या पुढाकाराने १९१० साली पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्था मोडीचे वर्ग चालवितात. अशाच एका वर्गात मी नाव घातले. माझ्या एका बाजूला निवृत्त कारकून, दुसऱ्या बाजूला अकरावीतली मुलगी!

मोडीत आधी कागदभर आडवी रेघ ओढतात आणि मग तिच्याखाली, हात शक्यतो न उचलता, अक्षरे लिहीत जातात. शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. त्यामुळे अक्षरे ओळखून भागत नाही. शब्द कोठे तुटतो हे अर्थावरून ठरवावे लागते. कालगणना हा आणखी एक डोंगर. पेशवेकालीन कागदावर 'सलास सबैन मया व अलफ' असे अरबी शब्दांत वर्ष असते. सलास म्हणजे तीन, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार, एकूण ११७३. हे शुहूर सन मृगाला सुरू होते. त्यात ५९९ मिळविले की इ. स. १७७२ येते, जानेवारीपासून मृगापर्यंतच्या तारखांसाठी ६०० मिळवावे लागतात.

ती अकरावीतली मुलगी माझ्याआधी ओळ वाचून मोकळी होई. गुरुजींनी विचारले, "समजले ना?" की मी मुकाट मान डोलवी. एके दिवशी लक्षात आले, माझ्या वर्गातली मुले नेमकी अशीच मान डोलवितात! त्यांच्या गप्प बसण्याला मी आजवर आळस समजत होतो. ती भीतीही असू शकते, हे मला बाकावर बसल्यावर कळले.

जूनमध्ये त्या विद्यार्थ्याला बोलावून घेतले. कागद लावायला दोन तास लागले. तो सनद नव्हता. शके १८१८ मधली, म्हणजे १८९६-९७ च्या दुष्काळातली, धान्य उसने घेतल्याची चिठ्ठी होती : चार मण जोंधळे, सुगीला सवाईने परत, म्हणजे पाच मण. मी त्याची क्षमा मागितली. 'आमचे इनाम होते' असे त्याने घरी सर्वांना सांगून टाकले होते. तो बराच वेळ गप्प बसला. मग त्याने विचारले, "सर, खापरपणजोबांनी ते पाच मण फेडले का?" कागदात ते नव्हते. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारावा असाच तो प्रश्न होता, आणि माझ्या कोणत्याही व्याख्यानाने तो त्याच्याकडून काढून घेतला नसता.

तेव्हापासून वर्षातून दोन तास मी वर्गात मोडी कागदाच्या प्रती वाटतो. आम्ही मिळून अडखळत वाचतो. एखादा शब्द मलाही लागत नाही. तेव्हा "हे मला येत नाही" असे मी मोठ्याने सांगतो.

विद्यार्थी मित्रहो, उन्हाळ्यात शेत मोकळे दिसते, पण शेतकरी तेव्हा नांगरट करून जमीन तापत ठेवतो. शिक्षकाच्या सुटीचेही तसेच आहे. पुढच्या जूनमध्ये तुमच्या प्राध्यापकांना अवश्य विचारा, "सर, या सुटीत आपण काय शिकलात?" आम्हाला त्याचे उत्तर देता आले पाहिजे.