वाड्यांच्या पेठेत एक सकाळ

रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही भवानी मंडपात पोहोचलो, तेव्हा फुलवाल्या नुकत्याच पाट्या उतरवत होत्या. जुन्या पेठांतले वाडे पायी फिरून दाखवणारा एक छोटा गट आहे. त्यात आमची दोन मुलं धरून चौदा जण होतो. वाट दाखवायला एक निवृत्त चित्रकला शिक्षक होते. सर सुरुवातीलाच म्हणाले, "राजवाडा सगळेच बघतात. आज आपण गल्ल्या बघू."

तरी पहिला मुक्काम जुना राजवाडाच. अठराव्या शतकाच्या अखेरीस करवीरची गादी पन्हाळ्यावरून कोल्हापुरात आली. विशाळगड, बावडा, कागल, इचलकरंजी, कापशी, तोरगल अशा जहागिऱ्या बाहेर असल्या, तरी दरबारी हजर राहायचं तर शहरात बिऱ्हाड हवंच. सरदारांमागे कारकून, पुजारी, सावकार आले आणि मंडपाभोवतीच्या गल्ल्या लहानमोठ्या वाड्यांनी भरल्या.

नगारखान्याच्या काळ्या दगडाखाली उभं असताना आमच्या मुलीने विचारलं, "यात आपलं कोण राहत होतं?"

सरांनी तिला लगेच उत्तर दिलं नाही. आम्हाला घेऊन ते शुक्रवार पेठेकडे निघाले. वाटेत रिकामे प्लॉट, पत्रे ठोकलेले दरवाजे आणि दोन नवे अपार्टमेंट. त्यांपैकी एकाच्या पार्किंगमध्ये जुन्या वाड्याचं जोतं अजून दिसतं. 2019 आणि 2021 च्या पुराने नदीकडच्या भागातल्या मातीच्या भिंतींचं फार नुकसान केलं. पण सरांच्या मते पुरापेक्षा वाटण्यांनी जास्त वाडे पाडले. एका वाड्याला पंधरा-वीस वारस, निम्मे पुण्या-मुंबईत, पावसाळ्याआधी कौलं चाळायला पैसे कुणी द्यायचे?

एका वाड्यात मात्र आत जायला मिळालं. मालकीणबाई सत्तरीच्या. "या की आत. डोकं सांभाळा, दिंडी ठेंगणी हाय." मोठ्या दरवाजातली ती छोटी दिंडी ओलांडायला सगळ्यांनाच वाकावं लागलं. आत देवडी, मग चौक, चौकाच्या चहूबाजूंनी सोपा, एका कोपऱ्यात आड. सागवानी खांब हाताने गुळगुळीत झालेले. भिंत इतकी जाड की कोनाड्यात आमचा मुलगा चक्क मांडी घालून बसला. बाहेर ऊन चढलं होतं, आत गारवा होता. माती आणि चुना घाम शोषतात, असं सरांनी सोप्या भाषेत सांगितलं.

काकींनी चहा ठेवला. भिंतीवर हात ठेवून म्हणाल्या, "दरसाल मिरगाच्या आधी गवंडीचाचा यायचे. चुन्याची घाणी परड्यात फिरायची. ते गेले आणि चुना मळणारं कुणी ऱ्हायलं न्हाई. मग सिमेंट लावलं, तवापास्नं भिंत फुगतीया."

तेव्हा सर मुलीकडे वळले. "विचारलं होतंस ना? राहणारे कोण ते दारावरच्या पाटीवरून कळतं. बांधणारे कोण ते आडनावांवरून ओळखायचं." गवंडी, शिकलगार, मणेर, नदाफ, अत्तार, जमादार. वाड्याची भिंत, तलवारीची धार, बांगड्या, गाद्या, अत्तर, पहारा. शिकारीचे चित्ते सांभाळणारे चित्तेवानही याच शहरातले. आमच्या घरात ही नावं लग्नाच्या बोलणीत तेवढी निघतात. त्यामागचा हुन्नर मुलांना कधी सांगितला होता, ते आठवेना.

पुढची वाट झरझर संपली. तटबंदीचा उरलेला तुकडा बिंदू चौकात, गुजरीत सोनारांची दुकानं उघडायची होती. अंबाबाईच्या देवळापासून जवळच बाबूजमाल दर्गा. मोहरमात इथला पंजा पाहायला सगळ्या पेठांतून माणसं येतात आणि कोल्हापुरात हिंदू तालमींतही पंजे बसतात. पंजांबद्दल आपल्यात मतभेद आहेत, तो विषय वेगळा. पण शेजार कसा होता, हे इथे उभं राहिल्यावर समजतं. 2023 च्या जूनमध्ये याच शहरात दगडफेक झाली, इंटरनेट बंद राहिलं. त्या दिवसांत आमच्या मुलांनी "कोल्हापूर" हा शब्द मोबाइलवर ज्या अर्थाने ऐकला, तो बदलावा म्हणूनही आम्ही इथे आलो होतो.

कलावंतांची आठवण निघाली, ती सरांचा आवडता विषय. शाहू महाराजांच्या दरबारात अल्लादिया खाँसाहेब गात. जयपूर-अत्रौली घराणं त्यांच्यामुळे महाराष्ट्रात रुजलं. आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून आले आणि रंकाळा, कोटितीर्थ रंगवत राहिले. त्यांची चित्रं टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहेत. ती जरूर पाहावीत, आम्ही दुपारी पाहिली.

शेवट दसरा चौकात, मुस्लिम बोर्डिंगजवळ. 1906 साली मोहामेडन एज्युकेशन सोसायटी निघाली, तेव्हा अध्यक्षपद महाराजांनी स्वतः घेतलं. कुरआन शरीफचा मराठी तर्जुमा व्हावा म्हणून त्यांनी पैशाची तरतूदही केली होती. मराठीतून दीन वाचणाऱ्या आपल्यासारख्या घरांना ही गोष्ट माहीत असायला हवी.

काकींचा वाडा दिवाळीनंतर बिल्डरकडे जाणार आहे. दरवाजासाठी जुन्या लाकडाचा एक व्यापारी येऊन गेला. "खांब न्या म्हटलं," काकी म्हणाल्या, "दिंडी न्हाई देणार."

रात्री अब्बांना फोन केला. त्यांचे वालिद कोल्हापुरातच गवंडीकाम करत, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. कोणत्या वाड्यावर, असं विचारल्यावर 84 वर्षांचे अब्बा हसले. "कोणता एक सांगू? घाणीचा बैल हाकायला मीच असायचो." पुढच्या रविवारी त्यांना घेऊन काकींकडे जायचं ठरलं आहे. दिंडीत वाकताना त्यांचा गुडघा दुखेल, म्हणून काकींनी मोठा दरवाजा उघडून ठेवते म्हणून सांगितलं आहे.