डोंगरी शेताची हद्द आणि आकाशांतील मोजणी

शेताची हद्द हा शेतकऱ्याच्या जिव्हाळ्याचा विषय आहे. एका सालचें पीक बुडालें तर तें पुढील पावसाळ्यांत भरून निघण्याची आशा असते; परंतु बांध एकदां सरकला आणि तो तसाच कागदावर चढला, तर नातवंडांच्या काळांतहि तो परत येत नाहीं. जव्हार व मोखाडा या दोन डोंगराळ तालुक्यांत जमिनीचें दप्तर हल्लीं संगणक, मोबाईल आणि उपग्रह यांच्या साह्यानें नवें रूप घेत आहे. या नव्या साधनांपासून काय मिळतें, आणि काय मिळत नाहीं, हें जाणत्या खातेदारांनीं नीट समजून घेणें अगत्याचें आहे. महसुली दप्तरांत उमेदीचीं वर्षें घालविलेल्या माणसाच्या नजरेस जें येतें, तें येथें मांडतों.

मुंबई इलाख्यांतील पद्धतशीर महसुली मोजणीस १८३६ च्या सुमारास इंदापुरापासून आरंभ झाला. मोजणीची साखळी ३३ फुटांची व १६ आण्यांची असे. ती लांबीस एक व रुंदीस एक धरली म्हणजे १०८९ चौरस फूट, अर्थात् एक गुंठा; असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. पुढें १९०३ च्या कायद्यानें हक्कनोंदणीचें दप्तर सुरू झालें. मोखाडा इंग्रज अमलाखालील ठाणें जिल्ह्यांत होता, तर जव्हार हें १९४८ सालीं विलीन होईपर्यंत स्वतंत्र संस्थान होतें. १ ऑगस्ट २०१४ पासून हे दोन्ही तालुके पालघर जिल्ह्यांत आले. म्हणजे शेजारशेजारच्या या दोन तालुक्यांच्या जुन्या कागदांचें मूळच निराळें आहे. हें सांगण्याचें कारण इतकेंच कीं, संगणक जुना कागद सुधारीत नाहीं. तो फक्त सुवाच्य अक्षरांत दाखवितो. मूळ टिपणांत वा फाळणींत जी चूक असेल, ती पडद्यावरहि चूकच राहते. भावाभावांत वाटे होऊन सातबारे निराळे झाले, परंतु पोटहिस्सा मोजला गेला नाहीं, तर नकाशांत ती रेघ कोठून येणार?

आतां लाभ पाहूं. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळूं लागला. पंधरा रुपये फी भरली म्हणजे उतारा हातीं येतो. पाड्यावरून तालुक्याच्या गांवीं चालत वा गाडीनें जाणें, साहेब दौऱ्यावर असल्यास परत फिरणें, आणि त्यापायीं दिवसाची मजुरी बुडविणें, हें ज्यांनीं सोसलें आहे त्यांस या सोयीचें मोल वेगळें सांगावयास नको. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. शेतकऱ्यानें स्वतः शेतांत उभें राहून पिकाचें छायाचित्र काढावें. तें कोणत्या जागीं काढलें हें यंत्र आपोआप नोंदतें. पूर्वीं ही नोंद तलाठी, ज्यांस २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, ते करीत. आतां ती लेखणी खातेदाराच्याच हातीं आली आहे.

या नोंदीची उपेक्षा करणें महागांत पडतें. आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रावर आधारभूत किंमतीनें भात घालतांना सातबाऱ्यावरील पीक पाहिलें जातें. अतिवृष्टीच्या नुकसानीच्या वेळींहि तेंच. नाचणी व वरई पेरलेल्या माळावर “पड” असा शेरा राहिला, तर घाम गाळूनहि कागदोपत्रीं शेतकरी रिकामाच. अडचण अशी कीं, आपल्या दऱ्याखोऱ्यांत कित्येक पाड्यांवर मोबाईलला रेंज मिळत नाहीं, व अनेक घरीं तसा मोबाईलहि नाहीं. येथें शिकलेल्या खातेदारांनीं पुढें झालें पाहिजे. सोसायटीनें पाडावार दोन जाणते तरुण नेमून मुदतीच्या आंत प्रत्येक शेताची नोंद करवून घ्यावी. हें काम उपकाराचें नव्हे, शेजारधर्माचें आहे.

पण मोबाईलच्या नकाशाचा अतिविश्वासहि नको. साध्या मोबाईलचा स्थाननिर्देश मोकळ्या आकाशाखालीं सुमारें ५ मीटर, म्हणजे १६ फूट, इकडे तिकडे होऊं शकतो. दाट झाडींत वा कड्याच्या पायथ्याशीं त्याहूनहि अधिक. साखळीभर रुंदीच्या भात-खाचरांत १६ फुटांची चूक म्हणजे जवळजवळ अर्धें खाचर! पीक कोणत्या शेतांत आहे हें दाखविण्यास हें यंत्र पुरेसें आहे; बांधाचा तंटा तोडण्यास मुळींच नाहीं. त्यासाठीं भूमि अभिलेख खात्याकडे रीतसर अर्ज करून मोजणीच मागावी. खात्याचें रोव्हर यंत्र कायम ठाण्यांवरून दुरुस्ती घेऊन कांहीं सेंटिमीटरपर्यंत बिनचूक जागा दाखवितें.

दुसरी गोष्ट उताराची. नकाशा जमीन सपाट धरून क्षेत्र काढतो; जुना मोजणीदारहि साखळी आडवी ताणीत असे. ३० अंशांच्या उतारावर पावलांनीं मोजून एक एकर भरलेली जमीन नकाशांत सुमारें साडेचौतीस गुंठेच दिसते. यांत कोणी जमीन चोरलेली नसते. मात्र फरक याहून मोठा दिसल्यास गप्प बसूं नये.

हा प्रश्न वनहक्काच्या दाव्यांत फार जिव्हारीं लागतो. २००६ च्या वनहक्क कायद्यानें १३ डिसेंबर २००५ पूर्वींपासून कसणाऱ्या आदिवासीस ताब्यांतील जमिनीवर, चार हेक्टरांच्या मर्यादेंत, हक्क मिळतो; आणि विवाहित असल्यास तो पतिपत्नी दोघांच्या नांवें लागतो. अशा जमिनीची मोजणी जीपीएस यंत्रानें होते. यंत्र हातीं घेणाऱ्याने एखादा कोपरा टाळून आडवाट धरली, तर तेवढी जमीन दाव्यांतून गळते. म्हणून मोजणीच्या दिवशीं पतिपत्नी दोघांनीं हजर राहावें, शेजाऱ्यांस बोलवावें, प्रत्येक कोपऱ्यावर उभें राहावें, व नकाशाची नक्कल मागून घ्यावी. उपग्रहाच्या चित्रांत शेत दिसत नाहीं एवढ्याच सबबीवर दावा नाकारतां येत नाहीं. तें चित्र इतर पुराव्यास पूरक आहे, त्याची जागा घेणारें नव्हे, असें २०१२ च्या सुधारित नियमांतच आहे. ग्रामसभेचा वा उपविभागीय समितीचा निर्णय विरुद्ध गेल्यास ६० दिवसांच्या आंत वरिष्ठ समितीकडे दाद मागावी. जिल्हा समितीच्या निर्णयावरहि २०२० च्या राज्यपालांच्या अधिसूचनेनें विभागीय समितीकडे अपिलाची सोय झाली आहे.

सारांश, यंत्र आकाशांतून पाहतें, पण तें बांधावर कोण उभें आहे हें पाहत नाहीं. यंदाच्या खरिपाची नोंद संपण्यापूर्वीं प्रत्येकानें आपला सातबारा काढून नांव, क्षेत्र, हिस्सा व पीक या चार गोष्टी ताडून पाहाव्यात, आणि चूक आढळल्यास लेखी अर्ज देऊन पोंच घ्यावी. तोंडी सांगितलेली तक्रार कोणत्याहि दप्तरांत सांपडत नसते.