स्वबांधणीचे हलके विमान

स्वबांधणीचे हलके विमान : कारखान्यात पूर्ण झालेले विमान विकत न घेता एखाद्या व्यक्तीने किंवा लहान गटाने शिक्षणासाठी वा आनंदासाठी स्वतः बांधलेले लहान विमान. अशा विमानात सामान्यतः एक ते चार आसने आणि दट्ट्याचे एकच एंजिन असते. बांधणीचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात केवळ आराखडे विकत घेऊन सर्व भाग मूळ द्रव्यांपासून घडविले जातात. दुसऱ्यात कापलेले पत्रे, वाकविलेल्या फासळ्या, साच्यातून काढलेली कवचे इ. भागांचा संच मिळतो आणि बांधणाऱ्याने त्यांची जोडणी करावयाची असते. संचापासून साधे विमान पुरे करण्यास सु. १,००० ते ३,००० तासांचे काम लागते. फुरसतीच्या वेळात काम करणाऱ्याची यात काही वर्षे जातात.

कारखान्यातील विमानाच्या प्रत्येक नमुन्याची प्रथम शासकीय प्रमाणनाची कसोटी होते आणि पुढील प्रत्येक विमान त्या नमुन्याबरहुकूम असल्याची तपासणी केली जाते. स्वबांधणीचे विमान हे मात्र आपल्या जातीचे एकमेव असते. त्यात कारागीर व तपासनीस ही दोन्ही कामे बहुतांशी एकाच व्यक्तीकडे येतात. त्यामुळे स्वतःच्या कामातील दोष स्वतःला न दिसणे हा या क्षेत्रातील मुख्य धोका होय. यावर उपाय म्हणून बांधणीचा प्रत्येक टप्पा बंद करण्यापूर्वी दुसऱ्या जाणकाराकडून तपासून घेणे, छायाचित्रे काढणे व रोजच्या कामाची नोंदवही ठेवणे हे आवश्यक मानले जाते.

इतिहास : पहिली सर्व विमाने एका अर्थी स्वबांधणीचीच होती. आल्बेर्तो सांतोस-द्यूमाँ यांनी १९०७–०९ या काळात पॅरिस येथे बांबूचा सांगाडा असलेले ‘दम्वाझेल’ हे चिमुकले विमान तयार केले व त्याचे आराखडे सर्वांना खुले ठेवले. १९३४ मध्ये फ्रान्समधील आंरी मिन्ये यांनी ‘पू द्यु सिएल’ या विमानाच्या बांधणीवर पुस्तक प्रसिद्ध केले आणि यूरोपात अनेक हौशी लोकांनी ते बांधण्यास घेतले. मात्र लवकरच प्राणघातक अपघात होऊ लागले. इंग्लंड व फ्रान्समध्ये १९३६ मध्ये वातविवरात केलेल्या परीक्षणांत पुढील व मागील पंख एकमेकांच्या फार जवळ असल्याचे दिसून आले. विमान तीव्र कोनात खाली झुकल्यावर मागच्या पंखाची उत्थापक प्रेरणा वाढे व वैमानिकाला नाक पुन्हा वर उचलता येत नसे. आराखड्यातील दोष कितीही चांगल्या कारागिरीने भरून निघत नाही, हा धडा या प्रकरणातून मिळाला.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ मध्ये ‘एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ ही संस्था स्थापन केली. ऑशकॉश येथे भरणारा तिचा वार्षिक मेळावा जगप्रसिद्ध आहे. बर्ट रुटान यांच्या ‘व्हेरीईझ’ (१९७५) या विमानामुळे फोम, काचतंतू व एपॉक्सी रेझीन यांच्या साहाय्याने साच्याविना पंख बनविण्याची रीत रूढ झाली. रिचर्ड व्हॅनग्रुन्सव्हेन यांच्या ‘आरव्ही’ मालिकेतील ॲल्युमिनियमची विमाने सर्वांत अधिक बांधली गेली असून उडालेल्या विमानांची संख्या दहा हजारांहून अधिक आहे.

द्रव्ये व रचना : लाकूड, पोलादी नळ्या, ॲल्युमिनियम मिश्रधातू व संमिश्र द्रव्ये असे रचनेचे चार मुख्य प्रकार आहेत. लाकडी रचनेत सरळ रेषांचे स्प्रूस लाकूड व विमानयोग्य प्लायवुड वापरतात. दुसऱ्या प्रकारात क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाच्या नळ्या वितळजोडाने सांधून त्यांवर कापड ताणून बसवितात. ॲल्युमिनियमच्या रचनेत पत्रे रिव्हेटांनी जोडतात. संमिश्र रचनेत काचतंतू किंवा कार्बन तंतू यांचे थर रेझीनने एकजीव करतात. हा पृष्ठभाग अत्यंत गुळगुळीत होतो. परंतु आतील थर सुटला असल्यास ते बाहेरून सहजी कळत नाही.

रिव्हेट मारण्याचे काम वरवर सोपे वाटले, तरी त्याला निश्चित मापे आहेत. ठोकण्यापूर्वी रिव्हेटाची दांडी पत्र्याबाहेर तिच्या व्यासाच्या सु. दीडपट आलेली असावी. ठोकल्यावर बनलेल्या डोक्याचा व्यास मूळ व्यासाच्या सु. दीडपट व उंची सु. निम्मी असावी. छिद्राचा मध्य पत्र्याच्या कडेपासून व्यासाच्या दुपटीपेक्षा जवळ असू नये. छिद्राच्या कडेवर राहिलेली कुस काढून टाकली नाही, तर तेथूनच धातूची शिणवट सुरू होऊन भेग पसरते. २०२३ मध्ये संच तयार करणाऱ्या एका मोठ्या अमेरिकन कंपनीच्या लेसर किरणांनी छिद्रे पाडलेल्या काही भागांत, छिद्रे खोलगट करताना, भेगा आढळल्या व असे भाग बदलून देण्याची वेळ आली.

नियंत्रण-संस्थेतील सांध्यांचे नट कंपनाने सुटू नयेत म्हणून स्प्लिट पिन, कुलुपी नट किंवा पिळलेली तार यांनी बांधले जातात. बोल्ट किती बलाने आवळावा याची मापेही ठरलेली असतात. सु. ५ मिमी. व्यासाच्या बोल्टास साधारणतः २·३ ते २·८ न्यूटन-मीटर इतकेच परिबल पुरते. हाताच्या अंदाजाने काम करणारा मनुष्य याहून बराच जोर लावतो व बोल्ट दुर्बळ करून ठेवतो.

भार व गुरुत्वमध्य : विमान पूर्ण झाल्यावर ते समपातळीत ठेवून प्रत्येक चाकाखालील भार मोजतात. प्रत्येक भाराला संदर्भरेषेपासूनच्या अंतराने गुणून येणाऱ्या परिबलांच्या बेरजेला एकूण भाराने भागले असता गुरुत्वमध्याचे स्थान मिळते. उदा., पुढील चाकावर ८० किग्रॅ. (अंतर ०·६० मी.) व मागील दोन चाकांवर मिळून २४० किग्रॅ. (अंतर २·१० मी.) भार असल्यास परिबलांची बेरीज ५५२ व गुरुत्वमध्य १·७२५ मी. वर येतो. दोन व्यक्तींचे १५० किग्रॅ. (२·० मी.), इंधनाचे ५० किग्रॅ. (१·९ मी.) व सामानाचे १५ किग्रॅ. (२·६ मी.) धरल्यास तो १·८४३ मी. पर्यंत मागे सरकतो. आराखडाकाराने दिलेल्या मर्यादेपेक्षा तो मागे गेला, तर विमान अस्थिर होते व गिरकीतून बाहेर काढणे अशक्य होऊ शकते. रंगाचा जादा थर किंवा शेपटीजवळ बसविलेले एखादे उपकरणही या हिशेबात धरावे लागते.

उड्डाण-चाचणी : प्रथम एंजिन जमिनीवर चालवून इंधनाचा प्रवाह मोजतात. विमानाचे नाक चढणीच्या कोनात ठेवून मोजलेला प्रवाह एंजिनाच्या कमाल गरजेपेक्षा पुरेसा अधिक असला पाहिजे. नियंत्रक दांडा उजवीकडे झुकविल्यास उजव्या पंखाचा एलेरॉन वर जातो की नाही, हे पाहणे पोरकट वाटेल. पण उलट जोडलेल्या नियंत्रकांमुळे पहिल्याच उड्डाणात विमाने कोसळली आहेत. अमेरिकेत बांधणीचा मोठा भाग हौशी व्यक्तीने केला असणे ही नोंदणीची अट आहे. तेथे पहिले २५ किंवा ४० तास विरळ वस्तीच्या ठराविक प्रदेशावर व प्रवाशाविना उडविण्याचा प्रघात आहे.

आराखड्यात केलेला लहानसा बदलही घातक ठरू शकतो. १९९७ मध्ये प्रसिद्ध अमेरिकन गायक जॉन डेनव्हर यांचा स्वबांधणीच्या विमानाच्या अपघातात मृत्यू झाला. मूळ आराखड्यात वैमानिकाच्या दोन पायांमध्ये असलेली इंधनटाकी बदलण्याची तोटी या विमानात त्याच्या डाव्या खांद्यामागे बसविलेली होती. तिच्यापर्यंत हात नेताना वैमानिकाला मागे वळावे लागे व विमानावरील ताबा सुटण्याचा संभव असे. डेनव्हर यांनी हे विमान वापरलेले असे विकत घेतले होते. बांधणाऱ्याच्या हातचे विमान दुसऱ्याकडे गेले म्हणजे त्याच्या खोडींची माहिती बरोबर जातेच असे नाही.

देखभाल : दर उड्डाणापूर्वीची पाहणी, ठराविक तासांनंतरची देखभाल व वार्षिक तपासणी असे तिचे तीन स्तर असतात. हलक्या विमानांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या ८० व १०० अश्वशक्तीच्या ‘रोटॅक्स ९१२’ एंजिनाचे तेल सामान्यतः दर १०० तासांनी बदलतात. शिसेयुक्त विमान-पेट्रोल प्रामुख्याने वापरल्यास हा अवधी निम्मा करतात. काढलेली तेलगाळणी कापून तिच्या कागदात धातूचे कण आहेत का हे पाहतात. इंधन व तेलाच्या रबरी नळ्या कितीही कमी वापर झाला, तरी पाच वर्षांनी बदलाव्या लागतात. वार्षिक तपासणीत सर्व झाकणे उघडून बिजागऱ्या, तारा, एंजिनाचा आधार, धूरनळीच्या भेगा व प्रचालकाचे बोल्ट पाहिले जातात. न उडणारे विमान सुरक्षित असते, ही समजूत चुकीची आहे. दीर्घ काळ उभ्या असलेल्या एंजिनात आतून गंज चढतो व टाकीत बाष्पाचे पाणी साचते.

उष्ण हवामानातील प्रश्न : विदर्भासारख्या प्रदेशात परदेशी संचाबरोबर आलेल्या पुस्तिकेतील आकडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. नागपूरचा सोनेगाव विमानतळ समुद्रसपाटीपासून सु. ३१५ मी. उंचीवर आहे. मे महिन्यात तापमान ४५° से. झाले म्हणजे हवेची घनता या उंचीवरील प्रमाणित घनतेपेक्षा सु. १० टक्क्यांनी घटते व विमान जणू १,५०० मी. उंचीच्या पठारावरून उडत आहे असे वागते. एंजिनाची शक्ती घटते, प्रचालकाची ओढ कमी होते व जमीन सोडण्यास लागणारा प्रत्यक्ष वेग वाढतो. परिणामी धावेचे अंतर सु. एकचतुर्थांशाने वाढते. दोन व्यक्ती व भरलेली टाकी घेऊन सकाळी सहजी उडणारे विमान दुपारी धावपट्टीच्या टोकाशी असलेली झाडे ओलांडू शकेलच असे नाही.

उन्हात इंधनाची वाफ नळीत अडकून प्रवाह खंडित होण्याचा संभव असतो. म्हणून नळ्या धूरनळीपासून दूर नेऊन उष्णतारोधक वेष्टणात ठेवतात. सामान्य तापमानास घट्ट झालेले एपॉक्सी रेझीन तापल्यावर मऊ पडू लागते. यामुळेच संमिश्र विमाने पांढरी रंगवितात. पावसाळ्यात दमट हवेने रेझीनवर मेणचट थर येतो व पुढचा थर नीट चिकटत नाही. कुंभारीण माशी वेग मोजण्याच्या नळीत मातीचे घर करते, तेव्हा जमिनीवर ही नळी झाकून ठेवावी व उड्डाणापूर्वी झाकण न विसरता काढावे. इंधनाचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. २०२५ पर्यंत भारतातील मोटारींच्या पेट्रोलमध्ये सु. २० टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. वर उल्लेखिलेल्या एंजिनाची मर्यादा मात्र १० टक्के आहे. इथेनॉल पाणी शोषून घेते व काही रबरांना आणि टाकीच्या रेझीनला अपाय करते. त्यामुळे विमान-पेट्रोल वापरणे श्रेयस्कर ठरते. त्याचे देशी उत्पादन इंडियन ऑइलने २०२२ मध्ये गुजरातमधून सुरू केले.

भारतातील स्थिती : शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर विमान उडविल्याची कथा महाराष्ट्रात प्रचलित आहे, परंतु तिला विश्वसनीय समकालीन पुरावा नाही. तिच्याशी जोडल्या जाणाऱ्या ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथातील विमाने उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९७४ मध्ये काढला. बंगलोर येथीलच राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने रुटान यांच्या ‘लाँग-ईझी’ या स्वबांधणीच्या विमानावर आधारित संशोधन विमान १९८७ मध्ये उडविले व त्यातून संमिश्र द्रव्यांच्या वापराचा अनुभव मिळविला.

मराठी माणसाने स्वतःच्या आराखड्याने विमान बांधल्याचे ठळक उदाहरण म्हणजे वैमानिक अमोल यादव यांचे सहा आसनी ‘टीएसी-००३’ होय. कांदिवलीतील चारकोप येथे राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी ते बांधले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईतील ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडले. अशा विमानास कोणत्या नियमाखाली मान्यता द्यावयाची हा प्रश्न काही वर्षे रेंगाळला. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली व २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर उड्डाण-चाचण्या झाल्या. गच्चीवर विमान बांधण्यास जितके सायास पडले, तितकेच ते कायदेशीरपणे जमिनीवरून उचलण्यास पडले.

भारतात नागरी विमानांची नोंदणी व उड्डाणयोग्यता यांचे नियंत्रण नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाकडे आहे. १९३४ च्या विमानविषयक कायद्याची जागा १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ याने घेतली. संच मागविण्यापूर्वीच नोंदणी, तपासणीचे टप्पे, विमा व विमान ठेवण्याची जागा यांची निश्चिती करून घेणे इष्ट असते. नागपूर हे १९४९ पासून रात्रीच्या हवाई टपालाचे मध्यवर्ती ठाणे होते. भारतीय हवाई दलाच्या देखभाल विभागाचे मुख्यालय येथे असून मिहान येथे मोठ्या प्रवासी विमानांच्या दुरुस्तीचे केंद्रही आहे. अशा शहरात विमानाची देखभाल जाणणाऱ्या अनुभवी तंत्रज्ञांची वाण नसते. विमान घरी बांधणाऱ्याला हत्यारांपेक्षाही अशा दुसऱ्या जाणत्या डोळ्यांची गरज अधिक असते.