ताशी पंधराची ओढ

२०० किलोमीटर, साडेतेरा तास. लांब पल्ल्याच्या सायकलिंगचं हे पहिलं माप. पुढे ३०० ला २० तास, ४०० ला २७, ६०० ला ४०. सरासरी काढली तर ताशी १५ किलोमीटर पडते, आणि चहा, जेवण, पंक्चर, झाडाखालची डुलकी हे सगळं त्यातच धरलेलं असतं. या पल्ल्यांना ब्रेव्हे म्हणतात. आपल्याकडचे सायकलस्वार सरळ ‘बीआरएम’ म्हणतात. चारही पल्ले एका हंगामात पुरे करणारा ‘सुपर रँडोनियर’ होतो. पहिला कोण, शेवटचा कोण, हे कुणी जाहीर करत नाही. वाटेतल्या कंट्रोलवर, म्हणजे हजेरीच्या ठिकाणी, फार लवकर पोहोचलात, तर तो उघडलेलाच नसतो. मला या नियमांचीच भूल पडली.

मूळ मात्र शर्यतीतच आहे. १८९१ मध्ये एका फ्रेंच वृत्तपत्राने पॅरिसहून ब्रेस्त बंदरापर्यंत जाऊन परत यायची सुमारे १२०० किलोमीटरची शर्यत घेतली. शार्ल तेरों ७१ तास २२ मिनिटांत परतला. पुढे ऑडॅक्स क्लब पॅरिसियेंने १९२१ मध्ये ज्याने त्याने आपापल्या वेगाने चालवण्याचे ब्रेव्हे सुरू केले, आणि १९३१ पासून पॅरिस-ब्रेस्त-पॅरिसमध्ये सामान्य सायकलस्वारांची वेगळी फेरीही निघू लागली. व्यावसायिकांची शर्यत १९५१ नंतर झाली नाही. साध्या माणसांची फेरी आजही दर चार वर्षांनी निघते. मुदत जास्तीत जास्त ९० तास. ब्रिटनीतल्या गावांतले लोक रात्रीबेरात्री दारात टेबलं मांडून अनोळखी सायकलस्वारांना कॉफी पाजतात. महाराष्ट्रातलेही अनेक जण तिथे जाऊन आले आहेत.

या संथपणाचा खरा पुरस्कर्ता मात्र सेंत-एतिएनचा पॉल द व्हिवी. ‘व्हेलोसिओ’ या नावाने तो लिहायचा. भूक लागण्याआधी खा, तहान लागण्याआधी प्या, दमून अन्न-झोप उडेल इतकं ताणू नका, आणि केवळ अहंकारापायी पेडल मारू नका, हा त्याचा उपदेश. गिअर बदलण्याच्या सोयीसाठी तो आयुष्यभर भांडला. १९३० मध्ये तो गेला. तूर द फ्रान्सने गिअर बदलणारे डिरेलर चालवून घेतले ते १९३७ मध्ये.

त्याच्या उपदेशामागचं गणित सोपं आहे. सपाटीवर वेग वाढला की सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते, आणि ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी २० ऐवजी ३० ने जायचं, तर हवेपुरती सव्वातीन पटींहून जास्त ताकद लागते. शिवाय जोर लावला की शरीर साठवलेली साखर भराभर जाळतं. संथ चालीत चरबीचा वाटा मोठा राहतो, आणि चरबी तर सडपातळ माणसाकडेही भरपूर असते. म्हणून बोलता येईल इतकाच दम लागू द्यायचा. खंबाटकीच्या चढावर खालचा गिअर टाकायचा, पाय हलके फिरवायचे, पुढे गेलेल्याला जाऊ द्यायचं.

पहिले दोन तास मनात घरचे, ऑफिसचे विषय घोळत राहतात. मग ते आपोआप विरळ होतात. शिरवळच्या पुढे कधीतरी श्वास आणि पाय यांची लय जुळते. वारा कुठल्या बाजूचा, डांबर गुळगुळीत की खरबरीत, एवढंच कळत राहतं. ज्वारीच्या शेतावरची ओल अंगाला लागते. हिवाळ्यात साताऱ्यापुढे उसाच्या ट्रॉल्या गाणी वाजवत येतात, त्या दिसण्याआधी ऐकू येतात. मोटारीतून हा रस्ता मी कितीदा पाहिला आहे, पण त्याचे चढ माझ्या मांड्यांना सायकलनेच शिकवले. रात्री हेडलाइटच्या उजेडापुरतंच जग उरतं. ढाब्यावरचा ट्रकवाला विचारतो, “कशासाठी एवढा त्रास?” मला त्रास वाटत नाही, हे त्याला पटवता येत नाही. एटीएमची पावती घ्यायची, तीच पोहोचल्याची खूण, आणि निघायचं. मागे मदतीची गाडी नसते. पंक्चर आपलं आपणच काढायचं. या एकटेपणात मला निर्धास्त वाटतं.

निर्धास्तपणा रस्त्याने मात्र द्यायला हवा. महामार्ग रुंद होताना वाहनांचा वेग वाढला, कडेची पट्टी मात्र कुठे खडीची, कुठे उभ्या ट्रकांनी अडवलेली, तर पुलावर अचानक नाहीशी होणारी. ब्रेव्हेत रात्री परावर्तक जॅकेट सक्तीचं आहे, ते योग्यच; पण जॅकेट माणसाला दिसतं करतं, जागा करून देत नाही. रस्ता आखतानाच मीटर-दीड मीटर अखंड डांबरी कड पुलांवरूनही नेली, तर ब्रेव्हेवाल्यांइतकाच उपयोग शाळेला सायकलने जाणाऱ्या मुलींना आणि पहाटे दूध घेऊन निघालेल्या शेतकऱ्याला होईल.