समजून घ्या : वर्ध्यातून अमेरिकेतल्या मुलीला कथक शिकवता येतं का? ऑनलाइन क्लासमध्ये तालाचं काय होतं?

मुलगा-सून न्यूजर्सीत, नात तिथेच कथक शिकतेय, असं घर आता वर्धा, हिंगणघाट, आर्वीतही सापडतं. विशारद झालेल्या इथल्या शिक्षिकांनाही परदेशातून विचारणा होऊ शकते. पण सातासमुद्रापार नृत्य शिकवायचं कसं?

परदेशात कोण शिकवतं?

बहुतेक वर्ग भारतातून गेलेल्या नृत्यांगना घरी किंवा भाड्याच्या हॉलमध्ये घेतात. मराठी मंडळांचा गणेशोत्सव हे मुलांचं पहिलं व्यासपीठ ठरतं. लंडनमध्ये १९७२ पासून भारतीय विद्या भवनाचं केंद्र आहे. भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद (आयसीसीआर) आपल्या परदेशातील केंद्रांत नृत्यशिक्षक पाठवते.

परीक्षा कोणती?

पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. त्याच परंपरेतल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा परदेशातही होतात. प्रारंभिक ते विशारद पूर्ण अशा ७ पायऱ्या आहेत. म्हणजे वर्ध्यातली आणि न्यूजर्सीतली मुलगी एकाच अभ्यासक्रमाची परीक्षा देऊ शकते. ब्रिटनमध्ये आयएसटीडी ही नृत्यशिक्षकांची संस्थाही कथक, भरतनाट्यमच्या परीक्षा घेते.

ऑनलाइन क्लासमध्ये अडचण कुठे येते?

व्हिडिओ कॉलवर आवाज थोडा उशिरा पोहोचतो. गप्पा मारताना ते जाणवत नाही, नाचताना जाणवतं. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची असते. आवाज जाऊन-येऊन अर्धा सेकंद लागला, तर वर्ध्यात तबला वाजवणाऱ्या बाईंना मुलीची सम एक मात्रा उशिरा ऐकू येते. मुलगी तालात असते, तरी चुकल्यासारखी वाटते.

मग उपाय काय?

- लेहरा किंवा तबल्याचं रेकॉर्डिंग मुलीच्या घरी वाजवायचं. ताल आणि पाऊल दोन्ही एकत्रच पोहोचतात, त्यामुळे चूक नेमकी कळते.
- शिक्षिकेनं तोडा आधी करून दाखवायचा, मग मुलीनं करायचा. दोघींनी एकाच वेळी नाचायचं नाही.
- कॅमेरा पाऊल आणि हात दोन्ही दिसतील एवढा लांब ठेवायचा.
- वेळ आधी ठरवायची. वर्ध्यात सायंकाळी ७ वाजतात तेव्हा न्यूजर्सीत उन्हाळ्यात सकाळचे साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेआठ वाजलेले असतात.

तरीही काय सुटतं?

रियाज. आठवड्यातून एकदा तासभर क्लास झाला, तर उरलेले सहा दिवस मुलीचे असतात. घुंगरांच्या आवाजाने खालच्या मजल्यावरचे शेजारी तक्रार करतात, गालिच्यावर तत्काराचा आवाज उमटत नाही. इथल्या मुलीला दहावीला शास्त्रीय कलेचे वाढीव गुण मिळू शकतात. तिथल्या मुलीसमोर ते आमिष नाही. गोडी टिकली, तरच नृत्य टिकतं. अभिनयात आणखी एक अडचण असते. ठुमरीतले शब्दच कळले नाहीत, तर चेहऱ्यावर भाव येणार कुठून? म्हणून चांगल्या शिक्षिका आधी अर्थ सांगतात, मग हस्तमुद्रा.

आजी-आजोबा काय करू शकतात?

पढंत, म्हणजे हातानं ताल देत बोल म्हणणं, याला ना घुंगरू लागतात ना जागा. पुढच्या व्हिडिओ कॉलवर 'क्लास कसा झाला' एवढंच विचारून थांबू नका. तीनतालाच्या १६ मात्रा हातावर मोजत एक तोडा म्हणायला सांगा. ऐकणारं कुणी असलं, की मूल रोज म्हणतं.