गल्ल्यातलं नाणं खरंच लाखमोलाचं आहे का? असं ओळखा

‘हे नाणं तुमच्याकडे असेल तर व्हा लखपती!’ असे रील्स तुम्हीही पाहिले असतील. त्यात हमखास दिसतं ते वैष्णोदेवीचं चित्र असलेलं नाणं. प्रत्यक्षात ते २०१२ साली देवस्थान मंडळाच्या २५ वर्षांनिमित्त काढलेलं स्मारक नाणं आहे. नुसतं चित्र वेगळं असलं म्हणून नाणं दुर्मीळ ठरत नाही.

मग संग्राहक नेमकं काय शोधतात?

आधी टांकसाळीची खूण ओळखा

नाण्यावरच्या वर्षाखाली बघा. चौकटच्या आकाराचा ठिपका असेल तर नाणं मुंबईचं, चांदणी असेल तर हैदराबादचं, गोल ठिपका असेल तर नोएडाचं. काहीच नसेल तर कोलकात्याचं. नवशिके यालाच ‘चूक’ समजतात आणि फसतात.

खरी चूक कशी होते?

आधी धातूच्या पट्टीतून गोल चकत्या कापल्या जातात. मग दोन ठशांमध्ये दाबून त्यांवर छाप उमटवला जातो. यातल्या प्रत्येक टप्प्यावर गडबड होऊ शकते.

• कापताना: कडेचा चंद्रकोरीसारखा तुकडा गायब असतो.
• छापताना: चकती सरकली तर चित्र एका बाजूला जातं आणि उरलेला भाग कोरा राहतो.
• ब्रॉकेज: आधीचं नाणं ठशाला चिकटून राहिलं, तर पुढच्या नाण्यावर एका बाजूला तेच चित्र उलटं आणि खोलगट उमटतं.
• ठसा तडकल्यास: नाण्यावर बारीक, उठावदार रेष येते.

ही शेवटची खूण लक्षात ठेवा. रेष वर आलेली असेल तर ती ठशामुळे असू शकते. आत गेलेली असेल तर तो बहुधा साधा ओरखडा. टांकसाळीतून बाहेर पडल्यावर ठेचलेलं, जळालेलं किंवा घासलेलं नाणं ‘एरर कॉइन’ नसतं. दोन नाणी कापून जोडण्याचेही प्रकार होतात. त्यामुळे कडेला सांधा दिसतो का ते पाहा आणि वजन करा. उदाहरणार्थ, जुन्या जाड पाच रुपयांच्या नाण्याचं मूळ वजन ९ ग्रॅम आहे.

ग्रेडिंग म्हणजे काय?

नाणं किती झिजलंय, याचं मोजमाप. जगभर त्यासाठी १ ते ७० गुणांची शेल्डन पट्टी वापरतात. ६० आणि त्यापुढचं नाणं म्हणजे न वापरलेलं. झीज सगळ्यात आधी उंच भागावर दिसते, म्हणून अशोकस्तंभाच्या सिंहांची आयाळ भिंगातून तपासा. नाणं तिरपं धरून दिव्याखाली फिरवा. नव्या नाण्यावरची चमक प्रकाशासोबत फिरते.

एक चूक मात्र टाळा. चिंच, लिंबू लावून नाणं घासू नका. नाणं लखलखेल, पण मूळ पृष्ठभाग जाईल आणि किंमत उतरेल.

पैसे मागितले तर?

‘नाणं लाखाला घेतो, आधी नोंदणी फी भरा,’ असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबा. अशा व्यवहारांशी आपला संबंध नाही आणि आपण कोणतंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच स्पष्ट केलंय. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

खरा खरेदीदार आधी नाणं बघायला मागतो, पैसे नाही.